एक्केचाळिसावा अँगल

बहात्तर अँगल आणले धारूरहून,
टेम्पोत आडवे घातलेले,
घाटाच्या प्रत्येक वळणावर खणखणत आलेले.
सहा फुटी. दीड फूट जमिनीत गाडा,
दुकानदार गादीवर बसून म्हणाला.
जमीन त्यानं पाहिली नव्हती.

आमच्या माळावर माती म्हणजे अपुरी चादर,
ओढली की पाय उघडे.
खाली मुरूम, कुठं हातभर, कुठं टिचभर,
त्याखाली तो, काळा, एकसंध.
सीताफळीला एवढं पुरतं, ती फटीत मूळ घालून बसते.
रानडुकरांनाही पुरतं :
रात्री येतात, झाडाखाली फुकटची नांगरट करून जातात.
लोखंडाला मात्र फट शोधता येत नाही.
त्याला माणूस लागतो.

तिमण्णा आला तांबडं फुटताना,
खांद्यावर पहार, पिशवीत घण नि दोन छिन्न्या,
डाव्या कानात कापूस.
वीस वर्षं खडी क्रशरवर. उजवा कान तिथंच राहिला,
डाव्याला वारं सोसत नाही.
मी ओरडून रेघ दाखवली :
सुतळी, चुन्याचे ठिपके, आठ-आठ फुटांवर.
त्यानं मान हलवली,
पहिल्या ठिपक्यावर पहार उचलली
आणि नुसती सोडली.
मनगटानं ऐकलं.

"हितं घेतंय."
पुढं गेला. "हितं बी."
तिसऱ्यावर डोळे मिटून उभा राहिला.
"चार बोटं सरका, ताई. खाली गोटा झोपलाय."

सत्तावीस वर्षं मी भूमी अभिलेखात
पिवळ्या नकाशांवरून रेघा उतरवल्या.
रेघेनं सरळच जायचं,
हे माझ्या हातात इतकं मुरलंय
की मी अजून भाकरीचाही काठ तपासते.
चार बोटं सरकले.
मग पुन्हा दोन. मग एका जागी वीतभर.
संध्याकाळी बांधावरून पाहिलं
तर कुंपण चाललं होतं
अंधारात वाट चाचपणाऱ्या माणसासारखं.
नकाशात ही जमीन मी स्वतः काढली होती.
तिला आतून असं अंग असेल
हे तिथं कुठल्या रंगानं दाखवतात?

एक्केचाळिसाव्यावर पहार उसळून परत आली.
इकडं टेकवली, तिकडं टेकवली,
सगळीकडं एकच आवाज,
मलाही कळला असा, काठोकाठ भरलेल्या रांजणाचा.
"ह्यो लांबवर गेलाय," तो म्हणाला,
"तुमच्या हिरीच्या तळाला बी ह्योच."
ब्रेकर बोलावू? मी खुणेनं विचारलं.
त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले
आणि पऱ्हाट्या मागितल्या.

दुपारभर खडकावर जाळ.
आम्ही लांब बसून भाकरी खाल्ली, काही न बोलता,
म्हणजे तो नेहमीसारखा, मी त्याच्यासारखी.
मग निखारे सारून
त्यानं घागर एकदम उपडी केली.
खडकानं बोटं मोडली.
केसाएवढी चीर, वाफेत दिसली, नाहीशी झाली,
पण छिन्नीनं ती लक्षात ठेवली होती.

दिवस बुडता वीतभर खड्डा.
दीड फूट कुठं झालं, मी म्हणाले.
"त्यानं वीतभर दिलंय," तिमण्णा म्हणाला,
"वीतभरच घ्यावं." वर सिमेंट, खडी, ओलं पोतं.

पाचव्या दिवशी तार ओढली.
कोपऱ्यावरून मी पक्कड तारेवर हाणत राहिले,
तो एकेका अँगलला तळहात लावत गेला,
नाडी पाहावी तसा.
प्रत्येक ठिकाणी मान हलवायचा, पुढं जायचा.
एका जागी थांबला.
कपाळ टेकवलं लोखंडाला, डावा कान, मग गाल.

मी मोजलं नाही. मला माहीत होतं कितवा ते.

"ह्यो अजून गप हाय," तो इतक्या मोठ्यानं ओरडला
की बाभळीवरचे होले उडाले.
"ओल हाय त्याला. आठ दिस हात लावू नका."

मी मान हलवली.
मग आठवलं की एवढ्या लांबून दिसणार नाही,
म्हणून तारेवर एकदा
हळूच वाजवलं.
त्यानं हात वर केला.